एका डोळ्याचं आकाश

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिल्यावर मी पहिल्यांदा वांगणीला गेले ती आकाशदर्शनाला. आकाशदर्शन भरवणाऱ्या मंडळातली तरुण पोरं मैदानात दुर्बीण लावत होती. टॉर्चवर लाल जिलेटीन, कारण डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ती कमाई जाते.

मृग वर आला तेव्हा मी दुर्बिणीच्या रांगेत न जाता सतरंजीवरच पडून राहिले. आधी डावा डोळा झाकला, मग उजवा. डाव्याला मृगातला राजन्य तारा मळकट पांढरा दिसत होता, चहाच्या गाळणीतून आल्यासारखा; उजव्याला तोच निळा. स्वच्छ, जवळजवळ बोचणारा निळा. पिकलेलं भिंग निळा रंग अडवतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण इतकी वर्षं मी नेमकं कोणतं आकाश बघत होते? मृगातल्याच काक्षी ताऱ्याचा तांबूसपणा दोन्हीकडे सारखाच वाटला. की मीच तसं ठरवलं?

राजन्य सुमारे ८६० प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे हा प्रकाश निघाला तेव्हा ज्ञानेश्वरांचाही जन्म व्हायचा होता. एवढं चालून आलेला तो, अडला कुठे तर माझ्या डोळ्यात! हसू आलं, थोडं वाईटही वाटलं. कशाचं, ते अजून नीट उमगलेलं नाही.

वांगणीहून दिसणारं बदलापूरकडचं आकाश शहराच्या दिव्यांनी दरवर्षी जास्त पिवळं होतंय. यायचं असेल तर लवकर या. स्वेटर आणा, आणि मोबाईल खिशातच राहू द्या.