जन्माआधीची तरतूद

कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयात ९ फेब्रुवारी २०१४ रोजी मारियस नावाच्या, जेमतेम दोन वर्षांच्या आणि सर्वथा निरोगी अशा नर जिराफाला राय धान्याचा त्याचा आवडता पाव पुढे करून गोळी घालण्यात आली, तेव्हा जगभर जो क्षोभ उसळला त्याचा रोख मुख्यतः त्यानंतरच्या दृश्यावर होता: जमलेल्या प्रेक्षकांसमोर, त्यांत लहान मुलेही असताना, त्या देहाचे विच्छेदन झाले आणि मांस सिंहांना घालण्यात आले. मला मात्र त्या दृश्यात निंद्य असे काही आढळत नाही. ज्या सिंहांना एरवी गुराढोरांचे मांस आपण निर्विकारपणे पुरवतो, त्यांनी जिराफाचे खाल्ले म्हणून कोणता अधर्म झाला? जे करायचे ते उघड्यावर करून मुलांना शरीररचना समजावून सांगणारी ती माणसे, हेच काम बंद दाराआड उरकणाऱ्यांपेक्षा मला अधिक प्रामाणिक वाटतात.

माझा आक्षेप त्याहून मागचा आहे. युरोपातील संग्रहालये अशा प्राण्यांच्या वंशावळ्या सामाईक दप्तरात ठेवतात आणि कोणत्या नराची कोणत्या मादीशी जोडी जमवायची ते त्यांवरून ठरवतात. मारियसचे रक्त त्या कळपांत आधीच पुरेसे पसरलेले असल्यामुळे तो फाजील ठरला. यॉर्कशायरमधील एका उद्यानाने त्याला ठेवून घेण्याची तयारी दाखवली, तर तेथील जागा वंशदृष्ट्या अधिक मोलाच्या जिराफास मिळावी, असे उत्तर मिळाले.

संग्रहालयाचे तत्कालीन शास्त्रीय संचालक बेंग्ट होल्स्ट यांचे म्हणणे असे होते की, पिल्ले होणे आणि ती वाढवणे हा प्राण्याच्या स्वाभाविक जीवनाचाच भाग आहे, गर्भनिरोधक औषधांचे अनिष्ट परिणाम होतात, आणि अरण्यातही पुष्कळ पिल्ले मरतातच. या युक्तिवादाला वजन आहे, हे मी नाकारत नाही. परंतु अरण्यात सिंहाच्या तोंडी जाणाऱ्या पिल्लाला निदान पळण्याची मुभा असते, आणि ज्यांच्या इच्छेने ते जन्मले त्यांनीच त्याच्या मृत्यूचा दिवस मुक्रर केलेला नसतो. जिराफाची मादी सुमारे १५ महिने गर्भ वाहते; आईबापांची वंशावळ दप्तरात नोंदलेली असताना, नर निपजल्यास त्याला कोठे ठेवायचे, हा प्रश्न विचारण्यास एवढा अवधी अपुरा होता काय? पुढे मार्च महिन्यात त्याच संग्रहालयात नव्या नर सिंहासाठी जागा करताना एक वृद्ध जोडी आणि तिचे दोन लहान बछडे मारण्यात आले.

आपल्याकडे पंजाबातील छतबीर येथे आशियाई आणि आफ्रिकी रक्ताच्या संकरातून झालेल्या सिंहांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा नरांचे निर्बीजीकरण करून त्यांना नैसर्गिक मरण येईपर्यंत सांभाळण्याचे ठरले. तो मार्ग निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. पिल्लांविना म्हातारे होत, व्याधींनी खंगत ते प्राणी एकेक करून गेले. तथापि ज्याला जागा देण्याचा इरादाच नाही त्याला जन्मास येऊ देऊन, माणसाच्या हातून खाण्याचा विश्वास त्याच्या ठायी रुजवून, अखेरीस त्याच विश्वासाच्या आधारे त्याला बंदुकीसमोर उभे करण्यापेक्षा मी छतबीरचा मार्ग पत्करीन. आणि ज्या संग्रहालयापाशी होणाऱ्या पिल्लाच्या साऱ्या आयुष्याची तरतूद नसेल, त्याने नर-मादी निरनिराळ्या आवारांत ठेवावेत, मग त्या वर्षी प्रेक्षकांना दाखवायला एकही पिल्लू नसले तरी चालेल.