दोन बिघाड

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी दुरुस्तीला आली की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "उभी केली तेव्हा एकदम चालू होती." माणूस खोटं बोलत नसतो. पण धडधाकट गाडी सहसा कुणी शेडमध्ये टाकून देत नाही. काहीतरी कुरकुर चाललेली असते, खर्च 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून टाळलेला असतो आणि तो पुढचा महिना कधी येतच नाही. म्हणून अशा इंजिनात मी कायम दोन बिघाड गृहीत धरतो. एक, ज्यामुळे गाडी उभी राहिली तो. आणि दुसरा, उभं राहिल्यामुळे आलेला. दुसरा वर असतो आणि तो निघाल्याशिवाय पहिला दिसत नाही. घाई केली तर तिसरा बिघाड आपणच घालतो.

चिपळूणजवळच्या एका निवृत्त गुरुजींची प्रीमियर पद्मिनी अशीच माझ्याकडे आली. ही गाडी मूळची फियाट 1100. कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून 2023 पर्यंत रस्त्यावर होती. इंजिन 1089 सीसीचं, खाली बिडाचा ब्लॉक, वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. तिच्यात सेन्सर नाही की कॉम्प्युटर नाही. बॉनेट उघडलं की जे काही आहे ते समोर दिसतं, म्हणून मेकॅनिकला तिच्यावर विचार करत काम करता येतं.

गुरुजी म्हणाले, "नवी बॅटरी आणलीय. सेल्फ मारून बघ की जरा."

सेल्फ मारायचा नाही, हाच या कामातला पहिला नियम. चार सिलिंडरचं इंजिन कुठेही थांबलं तरी एखाद्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडाफार उघडा राहतोच. त्या वाटेने सायलेन्सरमधली दमट हवा आत जाते. कोकणातले चार महिने पावसाचे, त्यामुळे त्या सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरतो, रिंगा चिकटतात, व्हॉल्व्हची दांडी गाइडमध्ये अडकते. अशा वेळी सेल्फने जोर लावला तर रिंग तुटते नाहीतर पुशरॉड वाकतो.

चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल एकत्र करून सोडलं आणि तसंच मुरू दिलं. मग गाडी टॉप गियरमध्ये टाकून मागेपुढे हलकेच ढकलली. जरा अडली की थांबायचं, उलट न्यायचं, परत आणायचं. टॅपेट कव्हर काढून ठेवलेलं असतं, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह खाली जाऊन पुन्हा वर येतो का ते डोळ्यांनी दिसतं. एक वर यायला कंटाळत होता. त्याला ऑइल पाजत, हळूहळू हलवत मोकळा केला.

पुढची पाळी पेट्रोलची. जुनं पेट्रोल उडून जातं आणि मागे पिवळट चिकटा ठेवतं. कार्बोरेटरच्या जेटचं भोक केसाएवढं, ते बंद व्हायला तेवढा चिकटा पुरतो. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल. ते हवेतलं पाणी ओढतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. तिथून पत्रा गंजतो. पद्मिनीचे जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम तर या मिश्रणासाठी बनलेलेच नव्हते. टाकी उतरवली, तर आतून काढ्याच्या रंगाचं पाणी आलं. टाकी धुऊन घेतली. पाइप, डायफ्राम नवे घातले.

करंटचं काम त्या मानाने सोपं. पॉइंट उघडझाप करत होते, पण त्यांच्या तोंडावर राखाडी थर धरला होता. पॉलिश पेपरने तो काढला, फिलर गेज घालून फट बसवली आणि हेडला टेकवलेल्या प्लगमधून निळी, टणक ठिणगी पाहूनच पुढे गेलो. पिवळी, मरतुकडी ठिणगी उघड्यावर पडते, पण दाबाखाली दगा देते.

चेंबरमधलं ऑइल बदललं. प्लग बाहेर ठेवूनच सेल्फ फिरवला, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत, म्हणजे बेअरिंग कोरडी राहत नाहीत. ब्रेकही आधी तपासले, कारण सुरू झालेली गाडी थांबायलाही हवी. मग प्लग लावून चोक ओढला. इंजिन लागलं. पांढऱ्यानिळ्या धुराने गॅरेज भरलं. मुरवलेलं ऑइल जळून गेल्यावर धूर विरळ झाला, पण इंजिन लंगडतच होतं.

वरचा बिघाड संपला होता आणि आता खालचा बोलू लागला. गरम इंजिनावर कॉम्प्रेशन घेतलं. एक आणि चार नंबर ठीक. दोन आणि तीन सारखेच खाली. चमचाभर ऑइल घालून पुन्हा घेतलं. रिंगा खराब असत्या तर आकडा वर गेला असता. गेला नाही. व्हॉल्व्ह म्हणावेत, तर नेमके शेजारचेच दोन सिलिंडर एकाच मापाने कसे पडतील? म्हणजे त्या दोघांमधल्या पट्टीवर गॅस्केट जळलेली.

मी विचारलं, "गुरुजी, गाडी तापायची का हो?"

"कुंभार्ली घाटात तापायची जराशी. पाणी घातलं की जायची."

हेड उतरवलं. गॅस्केट तिथेच जळली होती. तापून हेड किंचित वाकलं होतं, ते प्लेन करून आणलं. रेडिएटर गंजाने अर्धा भरला होता, तोही साफ करून घेतला. नाहीतर नवी गॅस्केट त्याच घाटात पुन्हा जळली असती.

गाडी नेताना गुरुजी म्हणाले, "आता दर रविवारी पाच मिनिटं चालू करून ठेवत जाईन." बहुतेक मालक हेच म्हणतात आणि इथेच इंजिनाचं नुकसान करतात. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे ती वाफ बाहेर न जाता चेंबरमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते. त्यांना म्हटलं, "गुरुजी, चालू करून ठेवू नका. चालवा. इंजिन नीट गरम होऊन अर्धा तास तरी पळू दे. वेळ नसेल त्या रविवारी किल्लीला हातच लावू नका."