आईंना काय पाहायचे होते?

परदेशी राहणाऱ्या मुलाकडे आई राहायला आली, की पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात. चोवीस तास गरम पाणी, न थकणारे कपडे धुण्याचे यंत्र, धूळ नसलेले रस्ते. मग हळूहळू घर खायला उठते. मुलगा-सून सकाळी आठला बाहेर पडतात ते संध्याकाळी सहाला परततात. शेजारी दार लावून बसलेले असतात. खिडकीबाहेर पाऊस आणि टीव्हीवर न कळणारी भाषा.

इंग्लंडमधल्या लीड्स शहरात राहणाऱ्या एका मराठी जोडप्याच्या घरी नेमके हेच झाले. सासूबाई भुसावळहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. दीड महिना झाला असेल नसेल, सुनेने त्यांना एका दुपारी फोनवर लेकीशी बोलताना ऐकले. “अलीकडचं तिकीट मिळतंय का बघ गं. दादाला मात्र काही सांगू नकोस.”

ती दारातच थबकली. आपले काय चुकले, हा पहिला विचार तिच्या मनात आला. दुसरा विचार जास्त टोचला, की आईंना हे आपल्याशी बोलता आले नाही. तिने नवऱ्याला काही सांगितले नाही. त्याऐवजी तिने एक बेत आखला. शनिवार-रविवार यॉर्कला जायचे, एक रात्र तिथे राहायचे.

“आईला तिथलं काय कळणार? जुनं चर्च आणि जुने दगड,” नवरा म्हणाला.

“निदान घराबाहेर तरी पडतील,” ती म्हणाली आणि यादी करायला बसली.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. आईंनी पहाटे उठून दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली. “अहो आई, पंचवीस मिनिटांचा तर प्रवास आहे,” ती हसून म्हणाली. “प्रवास म्हटला की डबा हवाच,” आईंनी डब्याला फडके बांधत उत्तर दिले.

यॉर्कचे स्टेशन 1877 सालचे आहे. तिथले रूळ वळणावर असल्याने फलाटही वाकडा आणि वरचे लोखंडी छतही धनुष्यासारखे वळलेले. उतरल्या उतरल्या आई थांबल्या. या टोकाकडे पाहिले, त्या टोकाकडे पाहिले. “वळणावर फलाट! गार्डाची झेंडी ड्रायव्हरला दिसत कशी असेल?” प्रश्न हवेतच राहिला. मुलगा मोबाइलवर रस्ता शोधत होता आणि सुनेचे लक्ष घड्याळाकडे होते. यादीप्रमाणे साडेदहाला तटावर चढायचे होते.

शहर खरोखर पाहण्यासारखे. इ. स. 71 मध्ये रोमन सैन्याने इथे छावणी वसवली, तिचे नाव एबोराकम. 306 साली कॉन्स्टन्टाइनला त्याच्या सैनिकांनी इथेच सम्राट म्हणून जाहीर केले. 866 मध्ये व्हायकिंग आले आणि शहर योर्विक झाले. त्यांच्या भाषेतला रस्त्याचा शब्द इथल्या जिभेवर अजून टिकून आहे. म्हणून यॉर्कमध्ये रस्त्यांच्या नावात ‘गेट’ असते आणि तटाच्या वेशीला मात्र ‘बार’ म्हणतात.

“म्हणजे गेट विचारलं की गल्ली आणि बार विचारला की वेस!” मुलाने आईला समजावले.

“आणि प्यायचा बार?” आईंनी विचारले. तिघेही हसले. त्या दिवशी एवढेच मनमोकळे हसणे झाले.

तटाची भिंत साधारण साडेतीन किलोमीटर आहे. उतारावर डॅफोडिलची पिवळी फुले फुललेली होती. पण पायऱ्या अरुंद आणि उंच. आईंचे गुडघे पंधराव्या मिनिटालाच बोलू लागले. मग यॉर्क मिन्स्टर, म्हणजे इथले भव्य कॅथीड्रल. 1220च्या सुमारास काम सुरू झाले आणि 1472 मध्ये ते पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. अडीचशे वर्षे! पूर्वेकडची रंगीत काचांची खिडकी टेनिस कोर्टाएवढी. जॉन थॉर्नटन नावाच्या कारागिराने ती 1405 ते 1408 या काळात केली. त्यानंतर शॅम्बल्स ही खाटकांची जुनी गल्ली. वरचे मजले पुढे झुकून समोरासमोरच्या घरांनी जणू कानगोष्टी कराव्यात अशी. दुकानांपुढे मांस टांगायचे आकडे अजून तसेच आहेत.

प्रत्येक ठिकाणी सून विचारी, “कसं वाटलं, आई?” आणि आई म्हणत, “छान आहे.” मिन्स्टर छान होते, गल्ली छान होती, आकडेसुद्धा छान होते.

रात्री मुक्कामाच्या खोलीत आई झोपल्यावर नवरा-बायकोची दबक्या आवाजात चकमक झडली. “बघ, मी म्हटलं नव्हतं, आईला यात रस नाही,” तो म्हणाला. तेव्हा तिच्याच्याने राहवले नाही. तिने फोनची गोष्ट सांगून टाकली.

तो बराच वेळ गप्प बसला. “तेव्हाच का नाही बोललीस?”

“काय बोलणार होते? आपण दोघांनी त्यांना कधी विचारलं, की तुम्हाला काय पाहायचंय? आपण ठरवतो आणि त्या मागून चालतात.”

सकाळी तिने यादी बाजूला ठेवली. चहा देताना सरळच विचारले, “आई, आज तुम्ही सांगा. कुठे जायचं?”

आईंनी आधी “तुम्ही न्याल तिथे” म्हणून पाहिले. सुनेने हट्ट सोडला नाही, तेव्हा त्या संकोचून म्हणाल्या, “काल स्टेशनातून बाहेर पडताना एक पाटी दिसली. इंजिनाचं चित्र होतं. लांब असेल तर राहू दे हो.”

लांब कसले, राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय स्टेशनाला लागूनच आहे. 1975 साली ते यॉर्कमध्ये उघडले आणि प्रवेशाला पैसे लागत नाहीत. सुनेच्या यादीत ते नव्हते. ते लहान मुलांचे ठिकाण असेल असे तिला वाटले होते. मुलाला मात्र ते माहीत होते. तो काही न बोलता बुटाचे बंद बांधत राहिला.

त्याचे वडील रेल्वेत फायरमन होते. वाफेच्या इंजिनात कोळसा टाकत. पुढे डिझेल आले, ते ड्रायव्हर झाले, निवृत्त झाले. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली होती. भुसावळच्या शाळेत निम्म्या वर्गाचे वडील रेल्वेतच असल्याने तिथे काही वाटत नसे. पण पुण्याला इंजिनिअरिंगला गेल्यावर कुणी विचारले, की तो “वडील रेल्वेत आहेत” एवढेच सांगे. समोरच्याने अधिकारी समजावे, अशी त्यात सोय होती. ती सवय त्याने लीड्सपर्यंत आणली होती.

संग्रहालयाचे मोठे दालन म्हणजे मुळात इथली लोकोशेडच. मधोमध इंजिन फिरवायचे गोल टेबल आणि त्याच्याभोवती इंजिने उभी. आत पाऊल टाकताच आईंनी खोल श्वास घेतला. “शेडचा वास!” त्या म्हणाल्या. तेल, लोखंड आणि जुन्या काजळीचा तो वास होता. काल दर दहा मिनिटांनी बसायला जागा शोधणाऱ्या आई आता या दोघांच्या पुढे चालू लागल्या.

तिथे ‘एलरमन लाइन्स’ नावाचे 1949 सालचे एक इंजिन बाजूने कापून ठेवले आहे. आतली भट्टी, पाण्यातून जाणाऱ्या नळ्या, सिलिंडर, सगळे उघडे दिसते. आई भट्टीसमोर उभ्या राहिल्या.

“एवढी खोल असते होय! हे सांगायचे, कोळसा नुसता फेकायचा नसतो, चारी कोपऱ्यांत सारखा पसरायचा असतो. मला तेव्हा कळायचंच नाही.” मग जराशाने, “रात्री दोनला कॉलबॉय दार वाजवायचा. मी स्टोव्ह पेटवायची, डबा करायची. मे महिन्यात बाहेर भुसावळचं ऊन आणि पुढ्यात ही भट्टी. परत आले की साबणाने हात घासघासून धुवायचे, तरी तळव्याच्या रेषांतला काळा जायचा नाही.” त्या मुलाकडे वळल्या. “तू तान्हा होतास तेव्हा तुला हातांनी घ्यायचेच नाहीत. मुठी मिटून, कोपरांवर उचलायचे. म्हणायचे, बाळाला डाग लागेल.”

मुलगा भट्टीकडे पाहत राहिला. एवढ्या वर्षांत हे त्याने ऐकले नव्हते. विचारलेही नव्हते.

तेवढ्यात संग्रहालयाचे एक वयस्कर स्वयंसेवक जवळ आले. नऊवारी नसली तरी साडीवर स्वेटर आणि पायात जाड बूट, अशा आजीबाई कापलेल्या इंजिनात एवढे काय शोधत आहेत, याचे त्यांना कुतूहल वाटले असावे. त्यांनी विचारले, यांना रेल्वेची आवड आहे का?

सून उत्तर देणार होती. पण नवराच बोलला. “माझे वडील फायरमन होते. भारतात. वाफेच्या इंजिनावर.” इंग्रजीतले ते साधे वाक्य बोलताना त्याचा आवाज किंचित कापला.

स्वयंसेवकांचा चेहरा उजळला. तेही रेल्वेतून निवृत्त झालेले. कोणते इंजिन, त्यांनी विचारले. भाषांतराची वाट न बघता आई म्हणाल्या, “डब्ल्यूजी. मालगाडीचं.” पुढचा पाऊण तास मुलगा दुभाष्या झाला.

स्वयंसेवकांनी त्यांना निळ्या ‘मॅलर्ड’पाशी नेले. 3 जुलै 1938 रोजी या इंजिनाने ताशी 126 मैल, म्हणजे सुमारे 203 किलोमीटरचा वेग गाठला. वाफेच्या इंजिनांचा तो विक्रम आहे. ड्रायव्हर जोसेफ डडिंग्टन, असे त्यांनी सांगितले.

“आणि फायरमन?” आईंनी विचारले.

“थॉमस ब्रे,” ते तत्काळ म्हणाले.

आईंनी ते नाव दोनदा म्हणून पाहिले. “बरं झालं, त्याचंही नाव ठेवलंय. वाफच नसेल तर ड्रायव्हर काय करील?”

पलीकडे चीनसाठी 1935 साली बांधलेले एक अवाढव्य इंजिन होते, व्हल्कन फाउंड्री या कारखान्याचे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली प्रवासी गाडी ओढणारी इंजिनेही याच कारखान्यातून आलेली. ते ऐकून आईंनी त्या इंजिनाच्या दिशेने हात जोडले. आदल्या दिवशी अडीचशे वर्षांच्या कॅथीड्रलला नुसतेच ‘छान’ मिळाले होते!

दुपारी परतीच्या गाडीसाठी तिघे पुन्हा त्या वाकड्या फलाटावर आले. या वेळी मुलानेच आईला बाजूला उभे केले. “थांब, तुझ्या प्रश्नाचं उत्तर बघू.” समोरची गाडी सुटायची होती. फलाटावरच्या कर्मचाऱ्याने दोन्ही बाजूंना नजर टाकली, दारे बंद झाल्याची खात्री केली आणि हातातली चकती उंच केली. “हां,” आई समाधानाने म्हणाल्या, “वळणावर मधे माणूस लागतोच.” गाडीत बसल्यावर त्यांनी डबा उघडला. दशम्या कालच्या असूनही मऊ होत्या.

एका रविवारने सगळे बदलत नाही. लीड्समधल्या दुपारी तशाच लांबलचक राहिल्या आणि आई ठरल्यापेक्षा लवकरच, जूनमध्ये भुसावळला परतल्या. फरक एवढाच, की ते तिकीट लपूनछपून निघाले नाही. यॉर्कहून आल्यावर चौथ्या दिवशी जेवताना त्यांनी स्वतःच सांगितले, “मला इथे करमत नाही रे. तुमचा राग नाही, पण माझं घर तिकडे आहे.” मुलगा-सुनेने ते ऐकून घेतले, वाद घातला नाही. जायच्या दिवसापर्यंत रोज संध्याकाळी अण्णांच्या गोष्टी मात्र रंगत राहिल्या. त्यातल्या कित्येक सुनेने वहीत उतरवून घेतल्या आहेत.

यॉर्कची ती यादी तिने अजून जपून ठेवली आहे. तिच्या सगळ्यात खाली आईंनी स्वतःच्या अक्षरात, मराठीत एक ओळ वाढवली आहे: इंजिन पाहिले.