आपला वराडकर

जून 2017. मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मुकुंदवाडीत त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं आणि मी अन् पप्पा ड्रम भरत होतो. मध्येच पप्पांनी ओल्या हातानेच फोन पुढे केला. "हे बघ. आपला मराठी माणूस आयर्लंडचा पंतप्रधान झाला. वराडकर. मालवणकडचा."

व्हॉट्सॲपवरचा मेसेज होता. लिओ वराडकर, वय 38. वडील डॉक्टर, जन्म मुंबईचा, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. आई आयरिश, नर्स. लिओ वाढले डब्लिनमध्ये, ट्रिनिटी कॉलेजातून डॉक्टर झाले, इंटर्नशिपचा काही काळ मुंबईच्या केईएममध्ये काढला. 2007 मध्ये फिन गेल पक्षाकडून संसदेत गेले, नंतर मंत्री झाले.

मेसेजमध्ये एक गोष्ट नव्हती. ती मला दोन वर्षांपासून माहीत होती.

18 जानेवारी 2015 हा त्यांचा 36वा वाढदिवस. ते तेव्हा आरोग्यमंत्री होते. त्या दिवशी रेडिओवरच्या मुलाखतीत त्यांनी सांगितलं, की आपण गे आहोत. चार महिन्यांनी समलिंगी विवाहावर सार्वमत होणार होतं. 22 मे रोजी 62 टक्के लोकांनी होकार दिला. ज्या देशात 1993 पर्यंत हा गुन्हा होता, त्याच देशात.

बारावीच्या अभ्यासाच्या नावाखाली मी ती बातमी पांघरुणात वाचली होती. नंतर हिस्ट्री डिलीट केली.

पुढे कळलं, की 2010 मध्ये याच वराडकरांनी संसदेत बोलताना प्रत्येक मुलाला आई आणि वडील मिळण्याचा हक्क आहे, असं मांडलं होतं. समलिंगी जोडप्यांच्या हक्कांवरच्या विधेयकावर चर्चा चालू होती. मला राग यायला हवा होता. उलट धीर आला. स्वतःच्याच विरुद्ध बोलणं मला चांगलं माहीत आहे. ऑफिसात कुणी तसला जोक मारला, की सगळ्यात आधी मी हसतो.

डिसेंबर 2019 मध्ये वराडकर पंतप्रधान म्हणून कुटुंबासह वराडला आले. टीव्हीवर गावाने केलेलं स्वागत बघताना पप्पा खूश होते. मी धाडस करून म्हणालो, "त्यांचा जोडीदार पुरुष आहे, माहितीये ना?"

पप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "असंल. तिकडं चालतं."

आडनाव आपलं, गाव आपलं, आणि तेवढं एक 'तिकडचं'. मी गप्प बसलो. आपल्याकडे कलम 377 चा निकाल लागून तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं, पण तो निकाल आमच्या घरात अजून पोचला नव्हता.

वराडकर डिसेंबर 2022 मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले आणि मार्च 2024 मध्ये अचानक राजीनामा जाहीर केला. मी तेव्हा पुण्यात होतो. पप्पांचा फोन आला. तब्येत, जेवण, पगार, सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, "तुझ्या वराडकरनं राजीनामा दिला रे."

आपल्या नाही. तुझ्या.

ते सहज म्हणाले की समजून म्हणाले, हे मी अजून विचारलेलं नाही. मी 28 चा आहे. 36 व्या वाढदिवसापर्यंत थांबायची माझी तयारी नाही.

या शनिवारी घरी चाललोय. त्या दिवशी पाण्याची पाळी आहे. ड्रम भरायला आम्ही दोघंच असतो.