दुकानातली मैफल

वाद्यांच्या दुकानात शिरणारा प्रत्येक मनुष्य गिऱ्हाईक नसतो, ही गोष्ट त्या धंद्यातल्या माणसाला पहिल्या महिन्यातच कळते. काही जण पाऊस लागला म्हणून आत येतात, काही मुलांच्या हट्टापायी, काही नुसता भाव विचारायला. अशी मंडळी कापडाच्या, भांड्यांच्या आणि सोन्याचांदीच्या दुकानातही येतात आणि कोणताही व्यापारी त्यांना सांभाळून घेतो. वाद्यांच्या दुकानाच्या वाट्याला मात्र एक खास पाहुणा येतो. त्याला काही घ्यायचे नसते, भावही विचारायचा नसतो. त्याला वाजवायचे असते, आणि ते चार माणसांनी ऐकावे अशी त्याची तीव्र इच्छा असते.

साडीच्या दुकानात पन्नास साड्या उलगडायला लावून रिकाम्या हाताने उठणारे गिऱ्हाईक त्रास देते खरे; पण तो त्रास घड्या घालणाऱ्या नोकरापुरता असतो. उलट, उलगडलेल्या पन्नासांतली एखादी शेजारच्या गिऱ्हाइकाला आवडून जाते आणि दुकानदाराचे काम होते. वाद्यांच्या दुकानात एकाने सुरुवात केली की सर्वांनाच ऐकावे लागते. तिथे कान मिटून घेण्याची सोय नाही.

हा पाहुणा बहुधा शनिवारी किंवा रविवारी संध्याकाळी येतो, कारण त्या वेळी दुकानात माणसे असतात. हाताशी असलेली साधी गिटार त्याला चालत नाही. सर्वांत वरच्या खुंटीला टांगलेली, किंमत पाहून भले भले मागे सरतात अशी गिटार तो खाली काढायला लावतो. मग स्टुलावर ऐसपैस बसतो, दोन खुंट्या पिळून सूर जुळवल्यासारखे करतो, ॲम्प्लिफायरची कळ उजवीकडे फिरवतो आणि घरी महिनोन्महिने घोटलेला एक तुकडा शक्य तितक्या वेगाने वाजवतो. तुकडा संपला की मान वर करून कोण पाहते आहे याचा अंदाज घेतो. कुणी पाहत नसेल, तर तोच तुकडा पुन्हा, अधिक मोठ्याने. दुसरा तुकडा त्याच्यापाशी बहुधा नसतोच. वीस-पंचवीस मिनिटांनी तो गिटार परत देतो, हिचा आवाज जरा कोरडा वाटतो असा अभिप्राय देतो, आणि पुढच्या महिन्यात पाहू म्हणून निघून जातो.

ही जात मूळची परदेशातली. विद्युत गिटार जिथे घरोघर पोहोचली, तिथे दुकानांत ती फोफावली. लंडनमधील डेन्मार्क स्ट्रीट ही एक आखूड गल्ली. आधी तिथे गाण्यांच्या नोटेशनचे प्रकाशक होते, पुढे गिटारची दुकाने झाली. रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाने आपला पहिला अल्बम १९६४ साली बहुतांशी याच गल्लीतल्या रीजंट साउंड या छोट्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. न्यूयॉर्कची अठ्ठेचाळिसावी गल्लीही अशीच वाद्यांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध होती. अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्यांना दोन गाण्यांनी विशेष छळले. एक डीप पर्पल या वाद्यवृंदाचे १९७२ मधील ‘स्मोक ऑन द वॉटर’, आणि दुसरे लेड झेपेलिनचे १९७१ मधील ‘स्टेअरवे टू हेवन’. पहिल्याची सुरुवात इतकी सोपी की गिटार हाती धरल्यावर आठवड्याभरात कुणालाही येते. दुसऱ्याची सुरुवात थोडी अवघड, म्हणून ती येणाऱ्याला ती न वाजवता राहवत नाही. दिवसातून दहा वेळा तेच आरंभाचे सूर ऐकायचे आणि गाणे कधीच पुढे सरकायचे नाही, ही शिक्षा किती मोठी आहे हे त्या नोकरालाच ठाऊक. १९९२ साली आलेल्या ‘वेन्स वर्ल्ड’ या अमेरिकी विनोदी चित्रपटात याचा एक प्रसंग आहे. नायक दुकानात गिटार हाती घेऊन जेमतेम सुरू करतो, तोच विक्रेता त्याला थांबवून भिंतीवरची पाटी दाखवतो: ‘स्टेअरवे टू हेवन’ वाजवण्यास मनाई आहे. प्रेक्षक खदखदून हसले, कारण पाटी नसली तरी ती इच्छा प्रत्येक दुकानदाराच्या मनात होतीच.

आपल्याकडे मुंबईत धोबी तलावच्या परिसरात १८६५ पासून नाव टिकवून असलेल्या फुर्तादोसारख्या पेढीमुळे पियानो, व्हायोलिन आणि गिटार ही वाद्ये गोमंतकीय आणि इतर घरांत फार पूर्वीपासून गेली. आता तर जिल्ह्याच्या गावीही गिटार आणि कीबोर्ड मिळतात, आणि वाद्यांबरोबर तो पाहुणाही पोहोचला आहे. पेटीवर सपाट तानांचा सपाटा लावणारे आणि न जुळवलेल्या तबल्यावर रेला झोडणारे महाभाग तर आपल्याकडे पूर्वीपासूनच आहेत.

या सगळ्याकडे विनोद म्हणून पाहणे सोपे आहे. व्यापाराच्या नजरेने पाहिले तर मात्र त्यात एक नुकसान दिसते, आणि ते सहसा कुठल्याच वहीत लिहिले जात नाही. घामाने तारा गंजतात, पट्ट्याच्या बकलाने गिटारच्या पाठीवर ओरखडे पडतात, नमुना म्हणून टांगलेला नग शेवटी सूट देऊन विकावा लागतो. हे सारे दुकानदार खर्चात धरतो. चाळीस हजारांची गिटार वर्षभर भिंतीवर राहिली आणि कॅश क्रेडिटचा व्याजदर दहा टक्के असला, तर चार हजार रुपये केवळ व्याजात गेले, हा हिशोबही त्याला कळतो. महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये ती गिटार पूर्ण किमतीला दाखवली जाते, आणि तिच्यावरचे ओरखडे बँकेचा अधिकारी पाहणीला आला तरच दिसतात. ते असो.

वहीत न लिहिले जाणारे नुकसान दाराजवळ उभे असते. आठवीतल्या मुलीला घेऊन आलेली आई. निवृत्तीनंतर काहीतरी शिकावे म्हणून आलेला, हात मागे बांधून उभा राहणारा गृहस्थ. भजनी मंडळासाठी पेटी पाहायला आलेले दोघे, ज्यांना पेटीतले एवढेच कळते की ती फार महाग नसावी. या माणसांना वाद्य हाती घेऊन पाहायचे असते. पण आत धो धो वाजत असते. वेगाने बोटे फिरवणाऱ्या त्या तरुणासमोर आपण एक तार छेडली तर हसे होईल, या भीतीने मुलगी गिटारला हातही लावत नाही. आई हळूच किंमत विचारते, उत्तर तिला नीट ऐकू येत नाही, आणि ‘परत येऊ’ म्हणून दोघी निघून जातात. परत येणारे फार थोडे. त्यांचे जाणे दुकानदाराच्या लक्षातही येत नाही, कारण त्याचे डोळे त्या महागड्या गिटारकडे लागलेले असतात.

हे नुकसान किरकोळ नाही. अमेरिकेतील फेंडर ही जगातील मोठ्या गिटार कंपन्यांपैकी एक. तिचे तेव्हाचे मुख्याधिकारी अँडी मूनी यांनी कंपनीच्या पाहणीचे निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा धंद्यातले लोक विचारात पडले. विकल्या जाणाऱ्या गिटारींपैकी सुमारे ४५ टक्के पहिल्यांदाच गिटार घेणाऱ्यांकडे जातात, आणि त्यांतले ९० टक्के लोक वर्षाच्या आत वाजवणे सोडून देतात. २०१८ मधील पाहणीत तर नव्याने शिकू पाहणाऱ्यांत निम्म्या स्त्रिया आढळल्या. म्हणजे धंद्याचा भार नवशिक्यांवर आहे, आणि सारी दुकाने मात्र पट्टीच्या वादकाला खूश करण्यासाठी सजवलेली. दाराशी घुटमळणारी ती मुलगी म्हणजे त्या धंद्याचे उद्याचे गिऱ्हाईक. टिकली असती तर तारा, पिशवी, मोठे वाद्य, धाकट्या भावाचे वाद्य, सगळे तिने तिथूनच नेले असते.

मग दुकानदार त्या पाहुण्याला का सोसतो? एक कारण सरळ आहे. आज फुकट वाजवणारा उद्या नोकरीला लागून तीच गिटार घ्यायला येणार नाही, हे कुणी सांगावे? मळके कपडे घालून आलेल्या गिऱ्हाइकाला हलके लेखू नये, हे व्यापाऱ्याच्या घरात लहानपणापासून शिकवलेले असते. दुसरे कारण जरा नाजूक आहे. त्या मुलाला दुसरीकडे वाजवायला जागाच नसते. दोन खोल्यांचे घर, भिंतीपलीकडे शेजारी, अभ्यासाची कटकट करणारे वडील, आणि विद्युत गिटार घेण्याइतके पैसे तर नाहीतच. शनिवारची वीस मिनिटे हीच त्याची मैफल. त्याला सरसकट हाकलून देणारा दुकानदार कठोरच म्हणावा लागेल. परंतु मैफल त्याची असली तरी भाडे दुकानदार भरतो आणि त्रास तिसराच सोसतो, एवढे त्याच्या कानावर कुणीतरी घातले पाहिजे.

पाट्या लावून हे साधत नाही. ‘विचारल्याशिवाय हात लावू नये’ या पाटीने भिडस्त माणूस तेवढा मागे हटतो. ज्याच्यासाठी ती लावली तो तिच्याखालीच बसून वाजवतो. कीबोर्डला हेडफोन जोडून ठेवणे, मोठ्या ॲम्प्लिफायरसाठी काचेची वेगळी खोली करणे, आणि गर्दीच्या वेळी दुकानदाराने स्वतः जाऊन हसतमुखाने कळ डावीकडे फिरवणे, हे अधिक कामाचे. आवाज बारीक झाला की पाहुणा फार वेळ थांबत नाही.

गंमत अशी की जो खरा वादक असतो, तो दुकानात फारसे वाजवतच नाही. तो वाद्य पारखतो. गिटारची एकेक तार एकेका फ्रेटवर दाबून कुठे खरखर होते का ते पाहतो. बाराव्या फ्रेटवरचा सूर आणि तिथेच तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर जुळतो का, ते ऐकतो. पेटी घेणारा जाणकार भाता भरतो आणि एकही पट्टी न दाबता हात सोडून देतो. भाता लगेच मिटला तर कुठेतरी हवा गळते आहे. मग तो एकेका सुराचा दम पाहतो. (पालीताणा म्हटले की या मासिकाच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे शत्रुंजय उभा राहतो, पेटी बनवणाऱ्या कारागिराला मात्र तिथले पितळी रीड आठवतात. तीर्थाचे ते गाव पेटीच्या रीडसाठीही नावाजलेले आहे.) ही पारख हळू चालते आणि बघणाऱ्याला कंटाळवाणी वाटते. वेगाने वाजवणाऱ्याला स्वतःची बोटे ऐकू येतात. वाद्य त्याला ऐकू येतच नाही.

मिरजेच्या सतारमेकरांच्या दुकानात म्हणूनच वेगळे वातावरण असते. १९व्या शतकात फरीदसाहेबांपासून तिथे तंतुवाद्ये घडवण्याची परंपरा सुरू झाली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मंगळवेढ्याकडचा भोपळा वर्षानुवर्षे वाळवून, तूनाचे लाकूड जोडून ही वाद्ये उभी राहतात. तिथे तंबोरा घ्यायला आलेल्याने दिमाख दाखवायचा म्हटले तरी दाखवणार कशावर? चार तारा, एकामागून एक छेडायच्या आणि थांबायचे. कारागीर घोडीवरच्या तारेखाली सुताचा धागा किंचित सरकवतो, जवारी मोकळी होते, आणि खर्जाच्या तारेतून कुणी न वाजवलेला गांधार आपोआप ऐकू येऊ लागतो. तो ऐकू येईपर्यंत दुकानातले सगळे गप्प असतात. आत नुकताच आलेला माणूससुद्धा चपला काढताना आवाज होऊ देत नाही.

गिटारच्या दुकानात तेवढी शांतता मागणे अवाजवी होईल. पण नवख्या गिऱ्हाइकासाठी दुकानदाराला एक करता येण्याजोगे आहे, आणि काही दुकानदार ते करतातही. वाजवता न येणाऱ्या मुलीच्या हाती गिटार देऊन तिला अवघडून न टाकता, तो तिला पाठ फिरवून उभे राहायला सांगतो. मग सारख्या किमतीच्या तीन गिटारी स्वतः वाजवतो. प्रत्येकीवर तेच चार स्वर, त्याच संथ गतीने. कोणती गिटार कोणत्या कंपनीची, कुणाची नक्षी सुंदर, हे तिला दिसत नाही. तिने फक्त पहिली, दुसरी की तिसरी, एवढेच सांगायचे.