सोसलेल्यांचे बेट

इंग्रजांच्या जुलमाखाली पिचलेला आयर्लंड मला तरुणपणापासून आपल्याच गोतातला वाटत आला. या भाबड्या समजुतीस धक्का दिला तो मॉन्टसेरात नामक चिमुकल्या कॅरिबियन बेटाने.

बेट अवघे शंभरेक चौरस किलोमीटरांचे. १६३२ च्या सुमारास शेजारच्या सेंट किट्सहून आयरिश कॅथलिक येथे येऊन वसले. पुष्कळसे करारबद्ध चाकर म्हणून राबले. पण काहीजण पुढे उसाच्या मळ्यांचे धनी झाले आणि आफ्रिकी गुलामांकडून काम घेऊ लागले. १७ मार्च १७६८ रोजी, सेंट पॅट्रिकच्या सणात धनी गुंग असतील अशा अटकळीने, गुलामांनी बंडाचा बेत रचला. तो फुटला आणि पुढाऱ्यांना फाशी झाली.

१९८५ पासून तोच दिवस तेथे सार्वजनिक सुटीचा आहे. १९९५ साली ज्वालामुखी जागा झाला, राजधानी प्लिमथ राखेत बुडाली, बहुतेक लोक परागंदा झाले. तरी सण चालूच आहे. त्यात आयरिश पूर्वजांचे स्मरण होते आणि त्या बंडखोरांचेही.

आयर्लंडवरील माझे प्रेम आटले नाही. डोळस मात्र झाले. दुःख भोगल्याने मनुष्य दयाळू होतोच असे नाही. सासुरवास सोसलेली सून सासू झाली म्हणजे काय करते, हे घरोघरी पाहूनही हा धडा शिकावयास मला इतके दूर जावे लागले!