हुपरीचा काटा

मांजराच्या छातीला स्टेथोस्कोप लावला की आधी ऐकू येते ती आपल्या हाताची भीती. टेबलावर दाबून धरलेल्या मांजराचे ठोके मिनिटाला 200 च्या आसपास पळतात. तेच मांजर घरी कोचावर पसरलेलं असताना मोजावेत, तर 150 च्या खाली येतात. दोन ठोक्यांच्या मधे जी फुसफुस येते, जिला आम्ही मर्मर म्हणतो, तीही मांजरात बेभरवशाची. ठणठणीत पण घाबरलेल्या मांजरात हृदयाचा उजवा कप्पा जोरात आवळला की रक्ताची वाट तेवढ्यापुरती अरुंद होते आणि मर्मर उमटते. मांजर निवलं की ती गायब. उलट ज्याच्या डाव्या कप्प्याची भिंत खरोखरच जाडावलीय, अशा मांजराच्या छातीत कितीतरी वेळा काहीच वावगं ऐकू येत नाही.

ही पाळीव मांजरांची गत. मग रानमांजराचं काय सांगायचं!

माझं काम मुख्यतः गाईम्हशींचं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीभोवती, कसबा सांगाव, तळंदगे या बाजूला, दुधाचा धंदा जोरात आहे आणि रात्री-अपरात्री फोन येतो तो म्हैस अडल्याचाच. पण ही वसाहत मोठी विचित्र जागा आहे. एका बाजूला फाउंड्रीची भट्टी, कुंपणाला लागून उसाचा फड, आणि दोन्हींच्या मधे उंदीर-घुशींची चंगळ. त्यामुळे रानमांजरांना इथे काही कमी नाही. रस्ते रुंद, रात्री कंटेनर वेगात. सकाळी लक्ष्मी टेकडीकडून आत येताना कडेला काहीतरी पिवळसर-राखी पडलेलं दिसलं की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

कधी ते जिवंत असतं आणि मागचे पाय ओढत असतं. जमलेले लोक एका सुरात सांगतात, गाडीनं ठोकलंय. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. तरी डोक्यावर पोतं टाकून, मानेला घट्ट धरून मी आधी मांडीच्या आतल्या अंगाला बोट लावतो. नाडी लागली तर कणा मोडलाय. नाडी लागत नसेल, पंजे गार पडले असतील आणि गाद्या निळसर झाल्या असतील, तर गोष्ट वेगळी. जाडावलेल्या हृदयाच्या डाव्या कर्णिकेत रक्त साकळतं, गाठ सुटते आणि महाधमनी जिथे दोन पायांकडे फुटते तिथे जाऊन अडकते. पाळीव मांजरात हे आम्ही नेहमी पाहतो. मालक सांगतो, काल रात्रीपर्यंत उड्या मारत होतं. रस्त्यावरच्या रानमांजराला मालक नाही, काल रात्रीचं सांगणार कोण? बोट लावायला फार तर दहा सेकंद मिळतात. त्यापलीकडे धरून ठेवलं तर तपासणीच जिवावर बेतायची.

मेलेलं असेल तर वनखात्याचा माणूस येतो, पंचनामा होतो आणि शवविच्छेदन माझ्याकडे. निवांत हृदय बघायला मिळतं ते तेव्हा. पण मेलेलं हृदयही सरळ बोलत नाही. मरणानंतर स्नायू ताठरतात तेव्हा डावा कप्पा आवळून बसतो. मधोमध आडवा काप घेतला की भिंत जाडजूड दिसते, पोकळी फटीएवढी. नवखा डॉक्टर लगेच लिहून मोकळा होतो: हृदयविकार. काही तासांनी ताठरपणा उतरला की तीच भिंत पुन्हा साधी दिसू लागते. म्हणून भिंतीपेक्षा वजनावर भरवसा ठेवावा. पाळीव मांजराचं हृदय 20 ग्रॅमच्या वर गेलं की संशय घ्यायचा, असा ढोबळ हिशेब आहे. अर्थात तो अंगाच्या वजनाशी ताडूनच.

आता एवढं बारीक वजन करायचं कशावर? पशुवैद्यकाकडचे काटे वासराचे. इथे हुपरी कामाला आली. पैंजणाच्या चांदीचा गाव. तिथे ग्रॅमच्या खालचं वजन ही रोजची बाब. तिथल्या बाजारातून आणलेला छोटा काटा माझ्या टेबलावर असतो. आतल्या रक्ताच्या गुठळ्या काढायच्या, पाण्याने धुवायचं, टिपून घ्यायचं, वरची चरबी सोलायची, मोठ्या रक्तवाहिन्या बुडाशी छाटायच्या, मग ठेवायचं. वाघाटीचं हृदय तर मोठ्या सुपारीएवढं. आख्खा प्राणीच दीड किलोच्या आतबाहेर, जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. तिथे गुठळी आत राहिली की आकडा फसतो.

हे सगळं कशासाठी, असं वनरक्षक विचारतात. कारण कागदावर शेवटी एक ओळ ठरलेली: हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. मला या ओळीचा राग आहे. मरताना हृदय कुणाचं बंद पडत नाही? कुनोमध्ये 23 एप्रिल 2023 ला दक्षिण आफ्रिकेतून आणलेला उदय नावाचा चित्ता गेला, तेव्हाही पहिली बातमी हृदय आणि फुप्फुसं निकामी झाल्याचीच आली. खरा प्रश्न त्या ओळीच्या मागे सुरू होतो: कशामुळे? चित्त्याचं आपल्याला परकेपण नसावं. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळत, आणि देशातले मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणत. ते चित्ते मेल्यावर त्यांच्या हृदयांची कुणी वजनं घेतली असती, तर ती आज कामाला आली असती.

रानातल्या मांजरकुळाला हृदयरोग होतो का? होतो, पण दिसत नाही. दम लागलेलं जनावर शिकार चुकवतं, उपाशी राहतं, झुडपात जाऊन मरतं. आपल्याला सापडतात ती हाडं. आपलं बरंचसं ज्ञान पिंजऱ्यात म्हातारे झालेल्या प्राण्यांचं. अपवाद फ्लोरिडाच्या प्यूमांचा. 1990 च्या सुमाराला ते जेमतेम 20-30 उरले होते, आपसातच वीण चाललेली. गळपट्टे लावण्यासाठी पकडून तपासले जात, मेलेले उघडून पाहिले जात, म्हणून कळलं की काहींच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः भोक आहे. 1995 मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या आणि पुढच्या पिढ्यांत हा दोष कमी झाला. आपल्या सह्याद्रीत ताडोबाकडून वाघीण आणली ती वेगळ्या कारणाने, इथे माद्याच नव्हत्या म्हणून; पण थोडक्या जनावरांवर उभी राहणारी वस्ती म्हटलं की मला फ्लोरिडा आठवतं. आतापासून प्रत्येक मेलेल्या जनावराचं हृदय तोलून ठेवायला काय हरकत आहे?

एक हृदयरोग मात्र आपण हाताने तयार करतो. ऊसतोडीत पिल्लं सापडतात. कुणी दया येऊन, कुणी हौसेने घरी नेतो आणि दूध-भातावर वाढवतो. मांजरकुळाला टॉरिन लागतं, ते त्यांच्या शरीरात पुरेसं बनत नाही, मांसातूनच मिळतं. उंदराच्या अंगात ते भरपूर. ते कमी पडलं की हृदय ढिलं पडून फुगतं आणि नजरही जाते. हृदयाशी असलेलं हे नातं 1987 मध्ये पाळीव मांजरांवर सिद्ध झालं. वेळेत टॉरिन दिलं तर हृदय सावरतंही. घरच्या रानपिल्लाला ते दिलं तरी त्याला शिकार कोण शिकवणार? शिवाय 1972 च्या कायद्याने घरी ठेवणं गुन्हाच.

गेल्या हंगामात सांगावच्या अंगाला फड तुटत असताना मुकादमाचा फोन आला, "डाक्टर, बिबट्याची पिल्लं घावल्यात. लोकं कोयता खाली ठेवून बसल्यात." जाऊन पाहिलं तर पाचटात रानमांजराची दोन पिल्लं, डोळे नुकते उघडलेले. एक पोरगा म्हणाला, "छाती लय धडधडाय लागल्या बघा. तपासा की एकदा." गळ्यातला स्टेथोस्कोप मी खिशात टाकला. "त्यांची धडधड आपल्यामुळं हाय रं. 1926 ला फोन लाव, वनखात्याची माणसं येतील. तोवर क्रेट आण आणि ही शेवटची सरी आज तोडू नका."

"आणि आई नाही आली तर?"

"येती. लांब गेलेली नसती ती. तुम्ही निघा म्हणजे येती."

मुकादम कुरकुरला, गाडी भरायची राहिली होती, कारखान्याची पाळी चुकणार होती. शेवटी वनरक्षकानेच त्याला समजावलं आणि टोळी पलीकडच्या फडाला लागली.